‘फॉल’च्या पंचेचाळीस चिठ्ठ्या

रचलेल्या वाक्याइतकी चीड वासुदेव होनवाडकरांना दुसऱ्या कशाचीच येत नसे. शब्दकोशात छापलेलं वाक्य कुणीतरी, कुठंतरी, खरोखर बोललेलं किंवा लिहिलेलं असलं पाहिजे, नाहीतर त्या कोशाच्या पानांत शेंगा बांधाव्यात, असं त्यांचं रोखठोक मत होतं. एका नव्या मदतनिसाने ‘मांजर चटईवर बसले’ असं वाक्य घरी बसून लिहून आणलं, तेव्हा यांनी विचारलं, कुठलं मांजर, कुणाची चटई, कधी? तो पोरगा दुसऱ्या दिवशीपासून आलाच नाही.

वय एकाहत्तर. तीस वर्षं बंगळूरच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर सीमाभागातल्या शाळांसाठी इंग्रजी-मराठी-कन्नड कोशाचं काम अंगावर घेतलेले. प्रकाशकाची कचेरी इंदिरानगरात, दुसऱ्या मजल्यावर. रोज सकाळी साडेनऊला के. आर. पुरमहून सिटी बस धरायची, संध्याकाळी परत. घरात आणि गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणत. बायको, अंबूबाई, तीन वर्षांपूर्वी गेल्या. घरात आता मुलगा मल्हार, सून वीणा आणि हे.

अण्णांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. कचेरीत ते कुणालाच लागत नसे. वीणा पुण्याची, संगणकातली, फेब्रुवारीत नोकरी सोडून घरी बसलेली. त्यामुळे चिठ्ठ्या टाइप करण्याचं काम तिच्याकडे आलं. प्रत्येक चिठ्ठीवर वर शब्द, खाली त्याचा एक अर्थ, मग इंग्रजी वाक्य, त्याखाली मराठी, आणि अगदी तळाला गाव आणि तारीख. उजव्या कोपऱ्यात एक अक्षर असे: वाचलेल्या वाक्याला ‘वा’, ऐकलेल्याला ‘ऐ’. कन्नड रकाना कचेरीतला महांतेश भरायचा. तो बेळगावकडचा, दोन्ही भाषा तोंडात घेऊन जन्मलेला.

पहिल्याच दिवशी अण्णांनी सुनेला नियम सांगितला होता. “टाइप करताना अर्थात शिरू नकोस. अक्षरं बघ आणि पुढं जा. अर्थ वाचायला लागलीस की चुका सुरू होतात.” वीणाने मान हलवली होती. आपली सून नियम पाळते यावर अण्णांचा पूर्ण विश्वास होता, आणि शिक्षकी पेशात जन्म काढलेल्या माणसाला एवढं कळू नये याचं नवलच वाटतं.

वीणाने नोकरी सोडली त्याला कारण होतं. मल्हारच्या कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवायचं ठरवलं होतं. तिथल्याच एका कंपनीने वीणालाही घेऊ असं पत्र धाडलं होतं. तीन मेची तिकिटं जानेवारीतच आली होती. अण्णा मागे एकटे राहणार होते. मल्हारने याचा महिनाभर घोळ घातला, आणि शेवटी म्हणाला, “अण्णा ठणठणीत आहेत म्हणून जातोय. त्यांना जरा जरी काही असतं ना, तर तिकिटं फाडून टाकली असती.” तो हे नुसतं बोलत नव्हता. चार वर्षांपूर्वी आईचं दुखणं निघालं तेव्हा हातात आलेली जर्मनीची संधी त्याने खरोखर सोडली होती, आणि त्याबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नव्हतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एफचं खोकं घरी आलं आणि त्यात ‘फॉल’ होता. एकट्या फॉलच्या पंचेचाळीस चिठ्ठ्या. अण्णा या शब्दावर भलतेच खूश होते. त्यांच्या मते इंग्रजांचा फॉल आणि आपलं पडणं ही दोन लांबच्या गावची माणसं, पण गोत्र एक. तिकडे भाव पडतात, केस पडतात, माणसं आजारी पडतात. आपल्याकडे तर पाऊसही पडतो आणि ऊनही पडतं, प्रश्न पडतो, स्वप्न पडतं, हसताना गालाला खळी पडते. झोप मात्र त्यांच्याकडे पडते आणि आपल्याकडे लागते. सरकार दोन्हीकडे पडतं, आणि त्या वर्षी त्या चिठ्ठीसाठी अण्णांना फार शोधाशोध करावी लागली नव्हती. साडीचा फॉल वीणाने सुचवलेला. तो इंग्रजांच्या कोशात नाही म्हणताच म्हाताऱ्याच्या डोळ्यांत चमक आली. शिंप्याच्या पाटीवरचे शब्द उतरवून घ्यायला ते भर उन्हात बाजारापर्यंत चालत गेले होते.

मंगळवारी दुपारी वीणा एकतिसाव्या चिठ्ठीवर आली. अर्थ होता: वस्तू हातातून निसटणे. खाली मराठी वाक्य होतं, ‘त्याने सुनेला सांगितले की टोमॅटोची पिशवी हातातून पडली.’ के. आर. पुरम, १४ मार्च. कोपऱ्यात ना ‘वा’ होता ना ‘ऐ’. तिथं ‘अ’ होता.

तिने ते टाइप केलं आणि पुढची चिठ्ठी घेतली. ती झाडाच्या पानांची होती. अर्ध्यात तिचे हात थांबले.

तो शनिवार तिला चांगला आठवत होता. अण्णा बाजारातून आले तेव्हा पिशवीत टोमॅटोचा लगदा झाला होता. “पिशवी पडली गं हातातून,” म्हणाले. “असू द्या, सार करू,” असं ती हसून म्हणाली होती. दोन दिवस सगळ्यांनी सार ओरपलं. अण्णांच्या पँटला एका बाजूने माती होती. धुवायला टाकताना तिने ती झटकली होती आणि विसरून गेली होती.

आता तिने चिठ्ठी पुन्हा वाचली. पिशवी खरंच पडली असती तर अण्णांनी सरळ ‘पिशवी पडली’ असं लिहिलं असतं. ते शब्द वाया घालवणारे नव्हते. ‘सांगितले’ असं त्यांनी लिहिलं, कारण घडलं होतं ते फक्त सांगणं. खोटं वाक्य त्यांच्या हातून कागदावर उतरत नव्हतं, म्हणून आपण खोटं बोललो हेच त्यांनी खरं-खरं लिहून ठेवलं होतं. आणि ‘अ’ म्हणजे अनुभव, हे तिला कुणी सांगायची गरज उरली नाही.

टाइप करून बाजूला ठेवलेल्या चिठ्ठ्या तिने परत उपसल्या. कोपऱ्यात ‘अ’ असलेल्या आणखी तीन निघाल्या. तिने त्या नियमाप्रमाणे, अर्थात न शिरता, सकाळीच टाइप केल्या होत्या.

‘म्हातारा जिन्यावरून पडला आणि वरच्या मजल्यावरच्या लोकांना कळले नाही.’ इंदिरानगर, २६ फेब्रुवारी.

‘बसमधून उतरताना तो पडला, तेव्हा दोन अनोळखी बायकांनी त्याला उचलले.’ के. आर. पुरम, ३१ मार्च.

‘पडल्यावर तो बराच वेळ न्हाणीघराच्या फरशीवर बसून होता आणि नळ वाहत होता.’ के. आर. पुरम, ७ एप्रिल.

सात एप्रिल म्हणजे मागचाच मंगळवार. ती त्या वेळी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. नळ वाहत असल्याचा आवाज तिला येत होता. टँकरच्या पाण्याचे दिवस, म्हणून ती वैतागली होती आणि तिथूनच ओरडली होती, “अण्णा, नळ!” आतून जरा वेळाने उत्तर आलं होतं, “सरी, सरी, बंद करतो.” ती खुर्चीतून उठली, न्हाणीघरापर्यंत गेली, कोरड्या फरशीकडे बघत उभी राहिली आणि तशीच परत आली.

मल्हार संध्याकाळी आला तेव्हा तिच्या अगदी ओठांवर होतं. तो नवी सूटकेस घेऊन आला होता. तिची चाकं फिरवून दाखवत होता, कुलपाचा आकडा अण्णांच्या जन्मसालावर लावत होता. वीणाने तोंड उघडलं आणि विचारलं, “चहा घेणार?”

आता खरं सांगायचं तर वीणा काही देवी नव्हती. तिला जायचं होतं. मल्हारपेक्षा जास्त जायचं होतं. लग्नाला सहा वर्षं झाली, या काळात आधी सासूबाईंचं दुखणं, मग घर, मग नोकरीत तिच्या मागून आलेली मुलं पुढे गेलेली बघणं, हे सगळं तिने तोंड वाकडं न करता केलं होतं. ते पत्र तिने कपाटात साड्यांखाली ठेवलं होतं आणि दिवसातून एकदा तरी ती ते काढून वाचत असे. आपण गप्प राहिलो तर कुणाला कळणार आहे, हा विचार तिच्या मनात आला आणि त्या विचाराची तिला अण्णांच्या पडण्यापेक्षा जास्त भीती वाटली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. ती मूग गिळून बसली.

बसली खरी, पण जीव टांगणीला लागला. बुधवारपासून अण्णा आंघोळीला गेले की ती दाराबाहेर उभी राहून तांब्याचा आवाज मोजायची. दोन तांब्यांमध्ये जरा जास्त वेळ गेला की तिचा हात कडीकडे जाई. अण्णा चप्पल घालायला पायरीवर बसत. हे कधीपासून बसून चप्पल घालायला लागले, ते तिला आठवेना. साडेनऊला ते निघाले की ती गच्चीवर जाऊन त्यांचा पांढरा सदरा कोपऱ्यावर दिसेनासा होईपर्यंत बघत राही. मग सव्वाअकरापर्यंत तिला कशातच लक्ष लागत नसे. सव्वाअकराला एखाद्या चिठ्ठीचं निमित्त काढून ती कचेरीत फोन करी.

“होय अक्का, आलेत की,” महांतेश सांगे. “चहा झाला, लिहीत बसलेत. देऊ काय?”

“नको, नको. एक अक्षर लागत नव्हतं, आता लागलं.”

दोन दिवस असं चाललं. शुक्रवारी महांतेशने आवाज खाली आणला.

“अक्का, आलेत. पण आज स्वल्प उशीर झाला. मी खाली पोस्टात चाललो होतो, तर अण्णा जिन्यात बसलेले. चपलेचा अंगठा तुटला म्हणाले. मी बघितलं, अंगठा धड होता बघा. मी बोललो म्हणून सांगू नका. मला खाऊन टाकतील.”

त्या संध्याकाळी तिने अण्णांना गाठलं. ते पडवीत खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर कोऱ्या चिठ्ठ्या. तिने कैरीचं पन्हं हातात दिलं आणि जितकं सहज बोलता येईल तितकं सहज बोलली.

“अण्णा, आम्ही जायच्या आधी एकदा डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का? सगळं तपासून घेऊ. मलाही बरं वाटेल.”

“मला काय धाड भरलीय?”

“तसं नव्हे. वय झालं की बघावं एकदा.”

“हे बघ वीणा,” अण्णा म्हणाले. त्यांनी पेला खाली ठेवला. ठेवताना हात थोडा थरथरला आणि त्यांनी तो लगेच चिठ्ठ्यांखाली घेतला. “डॉक्टर बोलावला की तो काहीतरी काढणार. काढलं की तुझा नवरा घरी बसणार. त्याच्या आईच्या वेळी बसला, मी बघितलंय. चार वर्षं त्याच्या तोंडाकडे बघायचं म्हटलं की मला लाज वाटायची. पुन्हा ते नको. मी ठणठणीत आहे. तुम्ही दोघं विमानात बसा, आयतु, झालं.”

पडलं तरी नाक वर, ही म्हण वीणाच्या मनात आली आणि तिला स्वतःचाच राग आला. तिने पेला उचलला. मला सगळं माहीत आहे, एवढं म्हणायला एक क्षण लागला असता. त्याऐवजी तिने विचारलं की रात्री भाकरी करू की भात. म्हाताऱ्याने तिला गप्प बसायला आपण होऊन परवानगी दिली होती, आणि ती तिने घेतली. शनिवारचा दिवस तिने सूटकेस भरण्यात घालवला. भरलेले कपडे तीनदा बाहेर काढून पुन्हा भरले.

रविवारी सकाळी मल्हारला सुट्टी. पोहे झाले, चहाचा दुसरा फेरा झाला. वीणाने फॉलची छापील पानं काढली होती, प्रिंटरमधून निघालेली लांबलचक पट्टी, कडेला भोकं असलेली. अण्णा ती तपासायला लाल पेन्सिल घेऊन बसले. मल्हारला काय लहर आली कुणास ठाऊक, त्याने पट्टीचं एक टोक ओढून घेतलं.

“बघू तरी, आमच्या तीर्थरूपांनी काय काय पाडलंय,” म्हणून तो मधलीच कुठली तरी वाक्यं मोठ्याने वाचायला लागला. भाव पडले, पानं पडली, सरकार पडलं. साडीच्या फॉलला त्याने दाद दिली. वीणा जागच्या जागी उभी राहिली. पट्टी त्याच्या हातातून सरकत होती. तिला ती हिसकावून घ्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी त्याने पुढचं वाचावं असंही वाटलं.

“त्याने सुनेला सांगितले की टोमॅटोची पिशवी हातातून पडली,” मल्हारने वाचलं. तो हसला. “हे तर आपल्या घरचं वाटतंय. ते सार मी पण प्यायलोय की.” हसता हसता त्याची नजर वर गेली, जिन्यावर, बसवर, न्हाणीघरावर. त्याचं हसणं थांबलं. “अण्णा, हे कुणाबद्दल आहे?”

अण्णा पेन्सिलीचं टोक बघत होते.

“अण्णा, मी विचारतोय. न्हाणीघराचं वाक्य. सात एप्रिल, के. आर. पुरम. हे न्हाणीघर कुणाचं?”

“कुणाचं नाही,” अण्णा म्हणाले. “रचलंय.”

अण्णांनी घसा खाकरला.

“या अर्थाला वाक्य मिळत नव्हतं. खोकं द्यायची तारीख जवळ आली. म्हणून घरी बसून रचली चार वाक्यं. चूक झाली. वीणा, रचलेली वाक्यं कोशात चालत नाहीत. ती चार काढून टाक.” आणि त्यांनी लाल पेन्सिल तिच्यापुढे धरली.

मल्हारचा चेहरा सैल पडला. “काय अण्णा, घाबरवलंत की,” तो म्हणाला, आणि त्याने चहाचा कप उचलला. त्याला ते इतक्या पटकन पटलं याचं वीणाला वाईट वाटलं. त्यालाही जायचं होतं, दुसरं काय.

तिने पेन्सिल घेतली. अण्णा तिच्याकडे बघत होते. त्या नजरेत विनवणी होती, आणि त्यांना कुणाची विनवणी करताना तिने आजवर पाहिलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रचलेल्या वाक्यांवर काट मारणाऱ्या माणसाने स्वतःची चार खरी वाक्यं रचलेली म्हणून पुढे केली होती, आणि ती तिच्याच हातून खोडून घेत होता. तिला ते सहन झालं नाही. इतके दिवस ज्याची भीती वाटली, ते बोलणं आता गप्प राहण्यापेक्षा सोपं वाटलं.

“नाही काढणार,” ती म्हणाली. “ही खरी आहेत.”

“वीणा,” अण्णा म्हणाले.

“मल्हार, ही चारही वाक्यं खरी आहेत. अण्णा पडलेत. त्या दिवशी नळ वाहत होता आणि मी इथून त्यांच्यावर ओरडले. शुक्रवारी ते कचेरीच्या जिन्यात बसले होते. मला मंगळवारपासून माहीत आहे.” “मी बोलले नाही, कारण मला जायचं होतं. तुझ्यापेक्षा जास्त जायचं होतं. आताही आहे.”

मल्हारने कप खाली ठेवला. तो काही तिच्यावर चिडला नाही. वडिलांच्या खुर्चीसमोर जाऊन उकिडवा बसला आणि त्याने त्यांच्या पायजम्याचा पाय गुडघ्यापर्यंत वर केला. गुडघा काळानिळा होता. एका जागी हिरवट पिवळा, जुना, आणि त्यावर नवा. अण्णांनी पाय मागे घेतला नाही. सुनेकडे न बघता ते एवढंच म्हणाले, “तुला अर्थ वाचू नकोस म्हणून सांगितलं होतं.”

“किती वेळा पडलात, अण्णा?” मल्हारने विचारलं.

वीणाने उत्तर मनात तयार ठेवलं होतं. अण्णांनी अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवून, शाळेत हजेरी मोजत तसं, सावकाश मोजलं.

“सात,” ते म्हणाले.

“पण चिठ्ठ्या तर चारच आहेत,” वीणा म्हणाली.

“चार वेळचं आठवतं, म्हणून चार लिहिल्या.” अण्णांचा आवाज वर्गात शिकवताना असे तसाच शांत होता. “उरलेल्या तीन वेळा डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवर होतो, एवढंच ठाऊक आहे. कसा पडलो, कधी पडलो, किती वेळ तिथं होतो, काही ठाऊक नाही. मग लिहिणार काय?”